भरपाई की दावा? कामगार-अपघातांच्या कायद्याकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

समजा, २०२३ साल आहे. भोसरीतल्या सात माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा तुटला. पगार महिना अठरा हजार. दहापेक्षा कमी माणसे असल्यामुळे वर्कशॉपला कर्मचारी राज्य विमा योजना लागू नाही. अशा माणसापुढे कायदा दोन मार्ग ठेवतो. पहिला मार्ग कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ चा. तिथला हिशेब कागदाच्या पाठीवर करता येतो. पगार अठरा हजार असला तरी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे धरायचे पंधरा हजारच. त्याचे साठ टक्के म्हणजे नऊ हजार. तिशीच्या वयासाठी परिशिष्टातला गुणक २०७.९८, आणि अंगठा गमावल्याबद्दल ठरलेली ३० टक्के हानी. उत्तर येते ५,६१,५४६ रुपये. चूक कोणाची, हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही.

दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. प्रेसला गार्ड नव्हता, दोन्ही हातांनी दाबायची बटणे एका हातावर चालतील अशी करून ठेवली होती, प्रेसची देखभाल झालेली नव्हती, असे काहीतरी दाखवून मालकाची हयगय सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली तर पगाराला पंधरा हजारांचे झाकण नाही. सोसलेल्या वेदना, हुकलेली बढती, जन्मभराची गैरसोय, सगळ्याचे मोल मागता येते. सिद्ध झाली नाही, तर हातात काहीच नाही आणि वर खर्च. मार्ग दोन असले तरी जायचे एकाच मार्गाने. एकावर पाऊल टाकले की दुसरा बंद.

या एका निवडीच्या प्रश्नाभोवती कायद्याचे एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे आहे, आणि ही प्रस्तावना त्या क्षेत्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकासाठी आहे. तो वाचक विधी महाविद्यालयातला विद्यार्थी असेल, युनियनचा कार्यकर्ता असेल, अपंगत्वाचा दाखला लिहिणारा डॉक्टर असेल किंवा गिरणगावाचा इतिहास चाळणारा संशोधक असेल. या चौघांनाही इथे जागा आहे, कारण हा विषय एकाच ज्ञानशाखेत मावत नाही. त्यात विम्याचे गणित आहे, शरीरशास्त्र आहे, कामगार चळवळीचा इतिहास आहे आणि न्यायालयांनी दोन-तीन शब्दांवर घातलेला शंभर वर्षांचा वाद आहे.

या प्रस्तावनेचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाठ्यपुस्तके बहुधा विचारतात, की कोणत्या मार्गाने जास्त पैसे मिळतात. हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी दुय्यम आहे. मूळ प्रश्न असा, की निवड कोण करतो, केव्हा करतो आणि त्या वेळी त्याला काय माहीत असते. कायद्याने निवड कामगाराच्या हाती दिली. ती कोणत्या घडीला करावी लागेल, हे मात्र त्याच्या हाती ठेवलेले नाही. या नजरेने पाहिले तर विस्कळीत वाटणारी कलमे आणि निकाल एका सूत्रात येतात.

सुरुवात इतिहासापासून करावी, कारण ही निवड मुळात एका कोंडीतून जन्माला आली. १८३७ मध्ये इंग्लंडात प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. जादा लादलेल्या गाडीमुळे खाटकाच्या नोकराला इजा झाली आणि त्याने मालकावर दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला, आणि या निकालातून पुढे एक सिद्धान्त वाढला: सहकामगाराच्या चुकीने इजा झाली, तर मालक जबाबदार नाही. त्याला आणखी दोन बचाव येऊन मिळाले. कामगाराचीही थोडी चूक होती, हा एक. धोका माहीत असून त्याने काम पत्करले, हा दुसरा. कारखान्यातल्या अपघातात सहकामगाराचा हात नसतो असे क्वचितच होते. त्यामुळे दावा लावण्याचा हक्क पुस्तकात होता, न्यायालयात मात्र तो टिकत नव्हता.

१८८४ साल या विषयाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे. त्या वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीने अपघात विम्याचा कायदा केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाले. आठवड्याची सुटी आणि दुपारची विश्रांती या त्यातल्या मागण्या आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. आणखी एका मागणीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही: कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय व्हावी. या मागणीत मालकाच्या चुकीचा उल्लेख नाही. चूक कोणाची हे बाजूला ठेवून भरपाईचा विचार मुंबईच्या गिरणगावाने लंडनच्या कायद्याआधी तेरा वर्षे मांडला होता.

लंडनचा तो कायदा १८९७ चा, जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने झालेला. त्याने चुकीचा प्रश्न वगळून भरपाई दिली आणि जुना दाव्याचा हक्कही शिल्लक ठेवला; कामगाराने दोहोंपैकी एक निवडावा. त्यात एक तरतूद फार शहाणपणाची होती. कामगाराने दावा लावला, तो हरला, पण भरपाई कायद्याखाली त्याला काही मिळण्यासारखे होते असे दिसले, तर त्याच न्यायालयाने ती रक्कम ठरवून द्यायची आणि चुकीच्या मार्गाचा खर्च त्यातून वळता करायचा. म्हणजे चुकलेल्या निवडीची शिक्षा उपासमार नव्हती.

भारताचा १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने निवड उचलली, ही तरतूद मात्र उचलली नाही. शिवाय सहकामगाराच्या चुकीचा जुना बचाव भारतातल्या दिवाणी दाव्यांत तसाच राहिला. नारायण मल्हार जोशी ज्याचे सदस्य होते त्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात तो काढून टाकण्याची शिफारस केली आणि १९३८ मध्ये मालक दायित्व कायद्याने तो काढला. म्हणजे चौदा वर्षे भारतीय कामगारापुढे दोन मार्ग होते असे आपण म्हणतो खरे. त्यातला एक भिंतीपाशी संपत होता. कायद्याच्या पुस्तकात पर्याय छापलेला असणे आणि माणसापुढे पर्याय असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच पहिल्यांदा दिसते.

आता भरपाईच्या मार्गाचे स्वरूप पाहू. त्यातला व्यवहार सरळ आहे: कामगार मोठ्या रकमेवर पाणी सोडतो, त्याबदल्यात खात्री मिळवतो. इजा कामाच्या ओघात आणि कामामुळे झाली एवढे दाखवले की पुरे. कामगाराचा साधा निष्काळजीपणा आड येत नाही. दारू किंवा नशा, सुरक्षेच्या आदेशाचा जाणूनबुजून भंग, गार्ड मुद्दाम काढून टाकणे, हे बचाव मालकाला आहेत. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर बारा टक्के व्याज लागते आणि पुरेसे कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. काम ठेकेदाराकडचे असले तरी कामगाराला मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावे.

परिशिष्टातले टक्के वाचताना नवख्याला धक्का बसतो. अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे ५०. शरीराची ही दरपत्रिका निर्दय वाटते, पण वाद कमी करणे हा तिचा हेतू आहे. ती अखेरचा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या एका निकालात चित्रपटगृहातले सजावटीचे काम करणाऱ्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे हानी शंभर टक्क्यांच्या खाली होती. न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हानी पूर्ण आहे. त्याच निकालाने भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही पक्के केले. ज्या डॉक्टरांना अपंगत्वाचे दाखले लिहावे लागतात त्यांनी हा निकाल जरूर वाचावा. दाखल्यात किती हाड गेले याच्या जोडीला कोणते काम गेले हेही लिहायला हवे, हा त्याचा धडा.

निवडीचे कलम म्हणजे १९२३ च्या कायद्याचे ३(५). ते आखूड आहे आणि प्रत्येक शब्दाला वजन आहे. दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला, की भरपाईचा हक्क जातो. या कायद्याखाली नेमलेल्या भरपाई आयुक्तांपुढे अर्ज केला किंवा मालकाशी कायद्याप्रमाणे भरपाईचा करार केला, की दावा करण्याचा हक्क जातो. पैसे मिळोत न मिळोत, दाखल करणे हीच निवड. त्यातला एक खोडा वकीलही विसरतात. दावा मालकाविरुद्ध असो वा ‘अन्य कोणाही व्यक्तीविरुद्ध’, परिणाम तोच. इमारतीच्या कामावर भाड्याने आणलेल्या क्रेनखाली मजुराचा पाय सापडला आणि त्याने क्रेनच्या मालकावर दिवाणी दावा लावला, तर स्वतःच्या मालकाकडून मिळणारी भरपाई हातची जाऊ शकते.

करारही तितकाच जपून वाचावा. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात कामगार रुग्णालयात असतो, बिले मालक भरत असतो आणि कागद तिथेच, उशापाशी येतो. हे ओळखून कायद्याने काही अटकाव घातले आहेत. कराराचे टिपण आयुक्तांकडे नोंदवावे लागते. रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने वा फसवून सही घेतली आहे असे दिसले तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. कामगार दगावला असेल तर रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर घरच्यांच्या हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तर मुळातच निरर्थक. २०१७ च्या दुरुस्तीने आणखी एक कर्तव्य आले: कामावर घेतानाच मालकाने कामगाराला त्याचे हक्क इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, त्याला समजेल असे, लेखी कळवायचे. भोसरी किंवा तळोज्यातल्या ओडिया मजुराला मराठीतला कागद किती समजेल, हा प्रश्न संशोधनासाठी खुला आहे.

मग दिवाणी मार्ग कोणी धरावा? कागदावर त्याचे आकर्षण मोठे आहे. मालकाने सक्षम माणसे, योग्य यंत्रसामग्री आणि सुरक्षित कार्यपद्धती पुरवली पाहिजे आणि हे कर्तव्य दुसऱ्यावर ढकलता येत नाही, असे तत्त्व ब्रिटिश न्यायालयांनी १९३० च्या दशकात पक्के केले आणि भारतीय वकील त्याचाच आधार घेतात. पण रकमेबरोबर वाढणारे न्यायालय शुल्क, वर्षांमागून वर्षे आणि साक्षीदारांचा प्रश्न, हे सारे कामगाराच्या विरुद्ध बाजूला बसते. अपघात पाहणारे सहकारी अजून त्याच मालकाकडे नोकरीला असतात. मोठी रक्कम ज्याला थांबणे परवडते त्याची, हे या मार्गाचे न लिहिलेले कलम आहे.

मात्र भरपाईचा मार्ग जलद असतो हेही गृहीत धरू नये. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघाला असताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा दिली. मधे बावीस वर्षे गेली. वाद होता तो ‘कामाच्या ओघात’ या शब्दांचा. याच शब्दांवर १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्टच्या एका बसचालकाच्या प्रकरणाचा निकाल लागला. जोगेश्वरी डेपोतली पाळी संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता आणि त्या बसचा अपघात झाला. बहुमताने न्यायालय म्हणाले, शहराच्या सेवेसाठी चालकांना ही मुभा दिलेली आहे, तेव्हा तो अजून कामाच्याच ओघात होता. उलट १९६९ च्या मॅकिनन मॅकेन्झी प्रकरणात एस. एस. द्वारका या जहाजावरून खलाशी नाहीसा झाला आणि तो कामामुळेच गेला हे पुराव्याने दाखवता आले नाही. घरच्यांना भरपाई मिळाली नाही. हे तीन निकाल एकत्र वाचले की ‘ओघात’ आणि ‘मुळे’ या दोन अटी वेगळ्या का आहेत ते उमगते.

कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली आलेल्यांसाठी चित्र साफ बदलते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आरोग्य विम्याच्या योजनेचे काम दिले गेले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कायदा आला. त्याच्या ५३ व्या कलमाने विमाधारक कामगाराला कामावरच्या इजेसाठी दुसरा कोणताही मार्ग ठेवला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायद्याचे दार त्याच्यासाठी बंद असल्याचे सांगितले आणि १९९७ मध्ये वेस्टर्न इंडिया प्लायवूड प्रकरणात हयगयीबद्दलच्या दिवाणी दाव्याचेही. त्याबदल्यात त्याला मिळते ती महिन्याच्या महिन्याला येणारी, जन्मभर चालणारी रक्कम आणि दवाखाना. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला, मोठ्या कारखान्यातला कामगार म्हणूनच निवडीच्या प्रश्नाबाहेर आहे; निवड उरते ती मुख्यतः लहान वर्कशॉप, बांधकाम आणि ट्रक यांवरच्या माणसांना. ज्यांना सल्ला मिळणे सर्वांत कठीण, त्यांच्याच पदरी सर्वांत अवघड निवड, हा या व्यवस्थेतला मोठा विरोधाभास.

ट्रकचालकांचा प्रश्न तर आणखी वेगळा. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १६७ त्यांना भरपाई आयुक्त आणि मोटार अपघात न्यायाधिकरण यांत निवड देते, दोन्ही देत नाही. एका मार्गाने गेल्यावर दुसऱ्या मार्गाच्या मापाने पैसे मागता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. न्यायाधिकरणात रक्कम बहुधा मोठी, पण तिथे चालकाची स्वतःचीच चूक निघाली तर त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा हयगयीवर उभा केलेला दावा कोसळतो. समोरचे वाहन नसलेल्या, घाटात उलटलेल्या ट्रकच्या बाबतीत भरपाई आयुक्तच खरा आधार.

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने मिटवला. ब्रिटनने १९४६ आणि १९४८ च्या कायद्यांनी निवडच मोडीत काढली: सरकारी लाभ घ्या आणि दावाही करा, मिळालेल्या लाभाचा काही भाग वजा होईल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी उलट टोक गाठले. भरपाईच्या खात्रीबदल्यात मालकावर दावा करण्याचा हक्क सर्वसाधारणपणे काढून घेतला. भारत या दोहोंच्या मधे आहे आणि एकाच देशात निवड आणि दाव्यावरची बंदी असे दोन्ही प्रकार नांदतात, म्हणून तुलनात्मक अभ्यासाला इथे भरपूर वाव आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि तिने १९२३ व १९४८ चे दोन्ही कायदे आपल्यात सामावून घेतले. घर ते कामाची जागा या प्रवासातले अपघात, वेळ-जागा-परिस्थिती यांचा कामाशी संबंध असल्यास, संहितेत स्पष्टपणे आले. निवडीचा नियम मात्र जवळपास त्याच भाषेत राहिला. म्हणून शंभर वर्षांचे निकाल अजून उपयोगाचे आहेत. नवा अभ्यासक जुनी पुस्तके टाकून देऊ शकत नाही.

करण्यासारखे काम पुष्कळ आहे. मुकादमामार्फत गावोगावहून येणाऱ्या ऊसतोड मजुराचा मालक कोण, साखर कारखाना की मुकादम? मोबाइलवरच्या ॲपवरून काम घेणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला या निवडीत स्थान आहे का? दावा हरलेल्या कामगाराला भरपाई देण्याची १८९७ ची तरतूद आज भारतात आणली तर विम्याच्या हप्त्यावर काय परिणाम होईल? कामगार न्यायालयांच्या कपाटांत, जिल्हा न्यायालयांच्या रजिस्टरांत आणि युनियनच्या फायलींत याची उत्तरे विखुरलेली आहेत, आणि त्यांतली बरीचशी मराठीत लिहिलेली आहेत. मराठी वाचणाऱ्या अभ्यासकाला इथे इतरांपेक्षा आधी पोहोचता येईल.

जाता जाता वाचनाची एक रीत सुचवतो. कोणताही निकाल हातात आला, की मंजूर रकमेकडे शेवटी जा. आधी तीन तारखा शोधा: अपघाताची, पहिल्या कागदावर सही झाल्याची आणि अर्ज वा दावा दाखल झाल्याची. त्या दिवसांत कामगार कुठे होता, घर कोणाच्या पैशावर चालले होते आणि त्याला कायदा कोणी समजावून सांगितला, याचा माग काढा. निवड बहुतेक वेळा त्या दिवसांतच होऊन गेलेली असते. निकालपत्र तिचा परिणाम तेवढा नोंदवते.